विनाकारण उघडू नये

मित्रांनो, मानवी संस्कृतीचा खरा पाया कोणता, यावर विद्वानांनी पुष्कळ डोकेफोड केली आहे. कोणी म्हणतात अग्नी, कोणी म्हणतात चाक. दोघेही चुकतात. संस्कृतीचा पाया आहे थंडावा. ज्या दिवशी आजची वस्तू उद्यापर्यंत राखता येऊ लागली, त्या दिवशी माणूस माणूस झाला. धर्म, शास्त्र, राज्यकारभार हे सगळं त्यानंतरचं. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो आहे. मी एक जुना फ्रीज आहे, आणि या क्षणी मानवी संस्कृतीपैकी माझ्या ताब्यात अर्धं लिंबू आहे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात पत्रा वाकवला, पाठीला काळी जाळी बसवली, पोटात दिवा लावला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवून दिलं. रंग पिस्ता होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आता तो कोणता आहे यावर दुमत आहे.

दार बंद केल्यावर आतला दिवा चालू राहतो का, असा प्रश्न तुम्हा मुलांना नेहमी पडतो. मला शेकडो मुलांनी हा प्रश्न विचारला आहे; दार हळूहळू लोटत, फटीला डोळा लावून. तर मित्रांनो, आतल्या गोटातली बातमी अशी की, राहत नाही. दार लागलं की अंधार.

मी पहिल्यांदा गेलो भिवंडीजवळच्या काल्हेरला, हिरामणशेटच्या घरी. साल १९९३. त्यांच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं होतं. जिथं भात पिकायचा तिथं साबणाचे खोके रचले गेले आणि घरात फ्रीज आला. हिरामणशेटच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, माझ्यासमोर नारळ फोडला आणि तो माझ्यातच ठेवला. त्या दिवसापासून मी रिकामा असा कधी राहिलो नाही. खाडीचा जिताडा मासा, वालाचं बिरडं, शेजारच्या चार घरांच्या पाण्याच्या बाटल्या, एकदा तर हिरामणशेटचा चष्मा. दिवसातून पन्नास वेळा दार उघडायचं. त्यातल्या चाळीस वेळा कोणाला काहीच नको असायचं. हिरामणशेट दार उघडून दोन मिनिटं आत बघत उभे राहायचे, सुस्कारा सोडायचे आणि दार लावून निघून जायचे. काय हवं होतं, ते त्यांनाही ठाऊक नसे. ते माझे सोन्याचे दिवस होते. पण तेव्हा मला ती कटकट वाटायची.

पुतळाबाईंना दोन मुली. थोरली रुचिका माझ्या आधी या घरात आलेली. ती मला फ्रीजच समजायची. धाकटी क्षितिजा माझ्यानंतर पाच वर्षांनी जन्मली. ती मला घरातलं माणूस समजायची. चालायला लागल्यावर तिनं माझ्या दारावर एक फुलपाखराचा स्टिकर चिकटवला. तो वाकडा बसला. काढायचा प्रयत्न झाला तेव्हा अर्धाच निघाला. तेव्हापासून मी अर्ध्या फुलपाखराचा फ्रीज.

आणि मग कमळ आली.

कमळ म्हणजे हिरामणशेटची धाकटी बहीण, क्षितिजाची आत्या. लग्न होऊन शेलारला दिलेली. २००२च्या उन्हाळ्यात ती माहेरी आली ती आजारी होऊन. घरात आजाराचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. ‘पिशवीचं दुखणं’ एवढंच म्हणायचे, आणि तेही स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी उभं राहून. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि आधी यायला हवं होतं. आधी कसं यायचं? आधी काही दुखतच नव्हतं.

दुपारी घर निजलं की कमळ माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची. दार उघडायची आणि कोकम सरबताची काचेची बाटली गालाला लावून ठेवायची. क्षितिजा तिच्या पायाशी बसायची. दार बराच वेळ उघडं राहायचं. पुतळाबाई एरवी दार दहा सेकंद उघडं राहिलं तर आरडाओरडा करत. पण तेव्हा त्या आतल्या खोलीत जागं असूनही निजल्याचं सोंग घ्यायच्या.

दिवाळीच्या आधी कमळ गेली. बाटली राहिली. तळाला दोन बोटं सरबत होतं. तीन महिने ती तशीच माझ्यात उभी होती. कोणी ती उचलली नाही, कोणी तिच्याबद्दल बोललं नाही, कोणी तिला धक्का लागू दिला नाही. मग एका सकाळी पुतळाबाईंनी ती धुतली, पाण्यानं भरली, बूच घट्ट लावलं आणि परत जागेवर ठेवली. ते पाणी कोणी प्यायचं नाही, हे सांगावं लागलं नाही.

२००४ साली त्या घरात दोन दारांचा फ्रीज आला. मी जुना झालो नव्हतो. फक्त नवा आला होता. मला टेम्पोत घालून भिवंडीतल्या नारपोलीला डॉक्टर अतियांच्या दवाखान्यात पाठवलं. बाटली माझ्यातच राहिली. विसरली म्हणून राहिली, असं सगळे म्हणाले. टेम्पो निघायच्या आधी पुतळाबाईंनी दार उघडून ती पडू नये म्हणून फडकं कोंबलं होतं, ते फक्त मी पाहिलं.

डॉक्टर अतिया भिवंडीच्याच. वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. लूमच्या खडखडाटात अभ्यास करून त्या डॉक्टर झाल्या, त्यामुळे पेशंटशी अजूनही जरा मोठ्यानं बोलतात. मला त्याचा फायदा झाला. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून मी जे काही शिकलो, ते त्या आवाजामुळे.

दवाखान्यात माझ्यात लसी ठेवल्या. काम फार सन्मानाचं. जिताड्याला दोन अंश इकडेतिकडे चालतात; लसीला चालत नाहीत. दोन ते आठ अंश, ना वर ना खाली. वर गेलं तर लस हळूहळू खराब होते, आणि यातल्या काही लसी अशा की एकदा गोठल्या की मेल्याच. डॉक्टरांनी माझ्या दारावर, अर्ध्या फुलपाखराच्या वरच, स्वतःच्या हातानं कागद चिकटवला: ‘विनाकारण उघडू नये.’

मित्रांनो, फ्रीजच्या आयुष्यात विनाकारण हेच सगळ्यात मोठं कारण असतं. ते गेलं की काय उरतं? सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा धोंडूबाई दार उघडायची, थर्मामीटर बघायची, तक्त्यावर आकडा लिहायची आणि धाडकन दार लावायची. सुई द्यायची असेल तर आणखी एकदा. बाकी वेळ अंधार, लसींचे अबोल खोके आणि मधल्या कप्प्यात कमळची बाटली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पाण्याची बाटली असू दे, वीज गेली तर गारवा टिकतो. एवढीच ओळखीची वस्तू माझ्यापाशी होती. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, पण सवय होती.

धोंडूबाई म्हणजे दवाखान्यातली आया, आणि दवाखान्याची खरी मालकीणही. पण तिचं दुसरं काम त्याहून मोठं. ती धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडते ती धवलारीण. ती आल्याशिवाय नवरी पाटावर बसत नाही. काल्हेर-शेलार पट्ट्यात धोंडूबाईचा आवाज इतका नावाजलेला, की तिची तारीख आधी विचारायची आणि मग मुलगा बघायचा, असं लोक म्हणत.

माझं थंडावा कमीजास्त करायचं बटण सांभाळायची कलाही तिच्याकडेच होती. भिवंडीत आठवड्याचे सहा दिवस वीज लूम पितात. माझ्यापर्यंत पोचतं ते उष्टं व्होल्टेज, आणि त्यातही तासन्‌तास लोडशेडिंग. म्हणून माझं बटण सहावर ठेवलेलं. सहावर ठेवलं की मी धापा टाकत कसाबसा पाच अंश राखायचो. पण शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी सगळ्या नारपोलीची वीज अंगावर येते. तेव्हा बटण सहावर राहिलं तर मी सगळ्याचा बर्फ करीन. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी धोंडूबाई बटण सहावरून दोनवर आणायची आणि शनिवारी पुन्हा सहावर न्यायची. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पाच वर्षांत तिचा एक गुरुवार चुकला नव्हता.

२००९च्या मे महिन्यात पुतळाबाई रुचिकाला घेऊन दवाखान्यात आल्या. हातात लग्नाची यादी होती.

“बाय, मोठीचं लगीन ठरलंय. ती बायकांच्या कॅन्सरची सुई आलीय म्हनं बाजारात. तेवढी देऊन टाका. हलद धा दिवसांवर हाय.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“धोंडूमावशीनी. ही बगा, यादीत लिवलीय.” पुतळाबाईंनी कागद पुढे केला. त्यावर ओळीनं लिहिलं होतं: मंडप, बँजो, केळीचे खांब, नवरीची चप्पल, सुई.

डॉक्टर हसल्या नाहीत. पाच वर्षांत मला कळलं होतं, त्यांना हसू आलं की त्या पेनाचं टोपण काढतात. त्यांनी टोपण काढलं.

“पुतळाबाई, ही लग्नाची सुई नाही. धाकटी किती वर्षांची?”

“क्षितिजा? अकरा. सातवीत जाईल आता. तिचं काय मधीच?”

“तिची वेळ आहे ही.”

पुतळाबाईंना वाटलं, डॉक्टर चेष्टा करताहेत. “अवो, बायकांचा आजार ना? ती अजून सायकलवरून पडतेय!”

डॉक्टरांनी सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. एचपीव्ही नावाचा एक विषाणू आहे. माणसं मोठी झाली, त्यांचा जोडीदाराशी शरीरसंबंध आला, की तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेक जणींचं शरीर त्याला आपोआप हाकलून देतं. काही जणींच्यात तो मुक्काम ठोकतो. दुखत नाही, खुपत नाही. आणि पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊन उभा राहतो. लस त्याला दारातच अडवते. एकदा तो आत आला, की ती त्याला बाहेर काढत नाही.

“म्हणून आधी द्यायची,” डॉक्टर म्हणाल्या. “नऊ वर्षांपासून चालते. दहा ते बारा सगळ्यात चांगलं. या वयात शरीर लसीला उत्तरही जोरात देतं. रुचिकालाही देऊ, तिलाही उपयोग आहे. पण मला विचाराल तर आधी धाकटी.”

‘शरीरसंबंध’ या शब्दापाशी धोंडूबाई दारात उभी राहून इतक्या जोरात खोकली, की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट खोकल्याचं औषध मागायला उठले.

“मना आता नको,” रुचिका म्हणाली. “हलदीला हात सुजला तर नाचू कशी? लग्न झाल्यावर येऊन बघीन.” मित्रांनो, ती अजून बघतेच आहे.

पुतळाबाई मात्र अडून बसल्या. “लोक काय म्हनतील गो बाय? एवढीशी पोर, आनि तिला ती सुई? सासूबाय तर इचारतील, पोरीत काय खोट हाय?”

“पुतळाबाई, तुमच्या जागेत सायझिंगचा कारखाना आहे ना भाड्यानं?”

“हाय की.”

“सुताला खळ कधी लावतात? लूमवर चढवायच्या आधी की कापड विणून झाल्यावर?”

“आदी! नायतर धागा तुटंल ना. विनून झाल्यावर लावून काय करायचं…” पुतळाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“बाय,” त्या हळू म्हणाल्या, “आमच्या कमलला झाला तो…”

“तोच, पुतळाबाई.”

“तिला लहानपनी ही मिलती तर?”

“तेव्हा लस नव्हतीच. आता आहे. सगळ्याच कॅन्सरला ती थांबवत नाही, म्हणून मोठं झाल्यावर तपासणी करावीच लागते. तुमचीही करायची आहे, त्याचं आपण बघू. पण कमळला झाला तसा होण्याची भीती ती पुष्कळ कमी करते.”

पुतळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी थेट डॉक्टरांकडे बघून विचारलं,

“तुमच्या जोहाला दिली?”

जोहा ही डॉक्टरांची मुलगी. बारा वर्षांची. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

“तिची परीक्षा होती,” त्या म्हणाल्या. “मग सुट्टी लागली. मग ती मामाकडे…”

“हां,” पुतळाबाई म्हणाल्या. आगरी ‘हां’मध्ये काय काय मावतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत.

डॉक्टरांनी ठाण्याला फोन लावला. “दोन पाठवा,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात क्षितिजा पाणी मागायला आत आली आणि मला बघून दारातच थांबली. “आई! आपला फ्रीज!” तिनं अर्ध्या फुलपाखरावर हात ठेवला. वरचा कागद वाचला. आणि मित्रांनो, ती शहाणी मुलगी, तिनं दार उघडलं नाही. वेडी असती तर बरं झालं असतं, असं मला क्षणभर वाटलं.

बुधवारी बर्फाच्या डब्यातून दोन छोट्या कुप्या आल्या. धोंडूबाईनं त्या खोक्यासकट मधल्या कप्प्यात, कमळच्या बाटलीला टेकवून ठेवल्या. डॉक्टर म्हणाल्या, आजच देऊन टाकू. पुतळाबाई म्हणाल्या, हळदीत पोरीचा हात दुखायला नको, सोमवारी आणते. जोहाचंही मग सोमवारीच ठरलं, बरोबरीनं. मला काय, मी खूश होतो. त्या दोन कुप्यांमधली एक माझ्या क्षितिजाची होती. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कळत होतं की मी कोणासाठी थंड आहे.

गुरुवारी हळद. धवले गायला धोंडूबाई. दुपारी चारलाच काल्हेरहून रिक्षा आली, दोन बायका तिला हाताला धरून घेऊन गेल्या. “अगो, थांबा, कायतरी राहिलं,” असं ती दोनदा म्हणाली. “साडीची पिन राहिली असंल,” म्हणून बायकांनी तिला रिक्षात बसवलं.

बटण सहावर राहिलं.

संध्याकाळी लूम बंद झाले. नारपोली गप्प झाली. आणि वीज आली. काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा मला नुसतं बरं वाटलं. मग अंगात जोर चढला. धाप गेली, खडखड गेली, कंप्रेसर असा घुमायला लागला जसा कारखान्यातून निघालो त्या दिवशी घुमला होता. मी तरुण झालो होतो. पाच अंश, तीन अंश, एक. मला थांबता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबावंसंही वाटत नव्हतं. शुक्रवारी दवाखाना बंद. शुक्रवारी लग्न. डॉक्टरही तिकडे जेवायला. दिवसभर माझ्या दाराला कोणी हात लावला नाही. दुपारी माझ्या पोटात ‘टक्’ असा आवाज झाला. लहानसाच. तेव्हा मी भानावर आलो.

माझ्या आयुष्यात इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं. आणि त्या कामानं मी दोन मुलींच्या लसी मारल्या होत्या.

शनिवारी लूम सुरू झाले, लोडशेडिंग झालं, मी पुन्हा धापा टाकू लागलो. बर्फ सुटला. धोंडूबाई दुपारी आली ती घसा बसलेला. दार उघडलं. थर्मामीटर चार दाखवत होता. ‘चार’ लिहिलं. शुक्रवारचा चौकोन रिकामा होता. तिनं जरा विचार केला आणि त्यात ‘पाच’ लिहिलं, कारण रोज पाचच असतं. बटण बघितलं. सहावरच होतं. शनिवारी ते सहावरच असायला हवं होतं. तिला काय कळणार?

कुप्या दिसायला जशाच्या तशा होत्या. मित्रांनो, यासारखी वाईट गोष्ट नाही. दूध नासलं की वास येतो, मासा कुजला की घर सोडावं लागतं. लस मेली की काही होत नाही. सोमवारी क्षितिजा येईल, दंड पुढे करील, सुई टोचतील, तिची आई देवाला नमस्कार करील, आणि पोरगी जन्मभर समजेल की मला राखण आहे. आणि राखण नसेल. मी एकटा जाणत होतो हे, आणि मला तोंड नव्हतं. होतं ते दार, आणि त्यावर कागद होता.

शनिवार गेला. रविवार गेला. मी जमेल तेवढा खडखडलो. धोंडूबाईनं माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या. सोमवारी सकाळी माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं झालं. “रबर गेलं याचं,” असं म्हणून तिनं ते पुसलं.

सोमवारी संध्याकाळी पुतळाबाई क्षितिजाला घेऊन आल्या. क्षितिजाच्या हाताला हळद अजून पिवळी होती. जोहा आधीच येऊन खुर्चीत बसली होती, पांढरीफटक. डॉक्टर हात धूत होत्या.

“क्षितिजा, तो खोका दे गं बाळा. मधल्या कप्प्यात आहे.”

दार उघडलं. दिवा लागला. क्षितिजाचा चेहरा माझ्यासमोर. तिचा हात खोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

“आई,” ती म्हणाली, “आत्याची बाटली.”

“असू दे गो. सुई घे.”

“आई, फुटली ती.”

पुतळाबाई उठून आल्या. बाटली उभीच होती, बूचही जागेवर होतं. पण मानेपासून तळापर्यंत तडा गेला होता आणि निम्मं पाणी त्यातून खाली झिरपलं होतं. “कोनी आपटली?” पुतळाबाईंचा आवाज चढला. “धोंडूमावशी! कोनी आपटली माझ्या नणंदेची बाटली?”

“मी कशाला आपटू? मी हातबी न्हाय लावला! देवाची आन!”

डॉक्टर ओल्या हातांनीच पुढे आल्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आणि त्यांचा नेहमीचा मोठा आवाज एकदम लहान झाला.

“आपटली नाही. पाणी गोठलं की फुगतं. धोंडूबाई, गुरुवारी बटण फिरवलं होतंत?”

धोंडूबाई बोटांवर वार मोजू लागली आणि गुरुवारपाशी अडली.

“तक्त्यावर शुक्रवारी पाच लिहिलंय,” डॉक्टर म्हणाल्या.

“ते… ते मी मनानं लिवलं बाय. रोज पाचच असतंय ना. मी तर तिकडं धवले गात व्हते.” आणि ती मटकन खाली बसली. “पोरींना मी मेलेली सुई देत व्हते गो. हिच्याच बहिनीची हलद लावून.”

डॉक्टरांनी एक कुपी जोरजोरात हलवली, टेबलावर ठेवली आणि सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं तळाला बारीक कणी बसली; गोठून गेलेल्या लसीची हीच खूण. त्यांनी दोन्ही कुप्या वेगळ्या काढल्या, आणि माझ्यातले बाकीचे खोकेही.

“उठा धोंडूबाई,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी मी बघायला हवं होतं. मी तुमच्याच पंगतीत तिसरा लाडू घेत होते.”

“चौथा,” जोहा खुर्चीतून म्हणाली.

ताज्या कुप्या आठवड्यानं आल्या. आल्या त्याच दिवशी टोचल्या. डॉक्टरांनी आता कोणाच्या हळदीचं ऐकलं नाही. जोहा सुई लागायच्या आधी रडली, क्षितिजा लागल्यावर “दुखलं” म्हणाली, आणि दोघींनाही वीस मिनिटं बसायला सांगितलं, चक्कर येते का बघायला. क्षितिजानं स्टूल ओढलं आणि ती माझ्या दाराला पाठ टेकून बसली, अर्ध्या फुलपाखरावर डोकं ठेवून. दार बंदच होतं. पण मित्रांनो, त्या दिवशी आत मला अंधार वाटला नाही.

दुसरा डोस जुलैत, तिसरा नोव्हेंबरात. तीन वेळा वीस मिनिटं, म्हणजे एक तास. सोळा वर्षांच्या नोकरीतला हा तास मी वेगळा ठेवला आहे. तडकलेली बाटली पहिल्याच दिवशी पुतळाबाई पदरात गुंडाळून घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या डोसाला क्षितिजानं नवी आणली, आणि ती गळ्यापर्यंत न भरता खांद्यापर्यंतच भरली. “गोठलं तर फुगायला जागा पाहिजे,” ती धोंडूबाईला म्हणाली. धोंडूबाईनं ते असं ऐकलं, जसं नवरी तिचं ऐकते.

नव्या वर्षात दवाखान्यात लसींसाठी खास बनवलेला फ्रीज आला. त्याला पडद्यावर आकडा दिसतो आणि जरा इकडेतिकडे झालं की तो स्वतः ओरडतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. ओरडता येणं वेगळं आणि चार दिवस ओरडता न येता उभं राहणं वेगळं. मला मागच्या पडवीत हलवलं. बाटली माझ्यात राहिली, खांद्यापर्यंत भरलेली. आणि धोंडूबाईचं अर्धं लिंबू. ती ते मंगळवारी ठेवून गेली आणि शेलारला लग्नाला गेली आहे.

तर मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी बोध करायची रीत आहे, म्हणून सांगतो. तुमच्यापैकी ज्या मुली नऊ ते बारा वर्षांच्या आहेत, त्यांनी घरी विचारा: माझी एचपीव्हीची लस झाली का? घरचे म्हणतील, परीक्षा होऊ दे. म्हणतील, लग्नाच्या वेळी बघू. कोणी जोरात खोकेल. तुम्ही विचारत राहा, आणि डॉक्टरांकडे घेऊन चला म्हणा. आणि ज्यांच्या घरात काही आठवणीनं थंड ठेवायचं असतं, त्यांनी गुरुवार विसरू नका. तुमच्या गावात तो कोणत्या वारी येतो ते तुम्हालाच माहीत.

माझ्यासाठी काही मागायचं नाही. माझ्या पाठीची जाळी पुसू नका, मला रंग देऊ नका. कधी नारपोलीला आलात तर डॉक्टर अतियांच्या पडवीत या. दारावरचा कागद अजून आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. उघडा, विनाकारण. काही नको असलं तरी दोन मिनिटं आत बघत उभे राहा. दिवा लागतो अजून.

फक्त जाताना दार जरा गुडघ्यानं दाबून लावा. रबर खरंच गेलं आहे.